माणूस नको, जागा पकड

गेल्या मे महिन्यात निगडी प्राधिकरणातल्या एका सिमेंटच्या कोर्टवर भोसरीचा एक मुलगा बास्केटबॉल शिकायला आला. वय चौदा, पोटऱ्या दगडी, चार वर्षं कबड्डीत डावा कोपरा सांभाळलेला. पहिल्याच दिवशी मी त्याला डिफेन्सला उभं केलं. समोरचा पोरगा चेंडूचे टप्पे मारत पुढे आला तसा यानं खाली झुकून थेट त्याची मांडी धरली. शिट्टी. दुसऱ्या खेपेला मनगट. शिट्टी. तिसऱ्या खेपेला पाठीमागून कमरेला मिठी. दहा मिनिटांत पाच फाऊल झाले आणि नियमाप्रमाणे त्याला बाहेर बसावं लागलं. पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता तो कुरकुरला, "सर, पकडला की मी त्याला! एकदाही सुटला नाही."

खरंच सुटला नव्हता. पकड अव्वल होती, खेळ तेवढा वेगळा होता.

मी दिवसा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात असतो. फर्स्ट शिफ्ट असली की कंपनीची बस चारच्या सुमारास सोडते, चहा होतो आणि मग दीड-दोन तास मी मुलांबरोबर कोर्टवर असतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली आहे. बास्केट कशी टाकायची हे शिकायला पोरं आपणहून येतात. समोरच्याला कसं अडवायचं हे मात्र हाताला धरून शिकवावं लागतं. आणि त्यातही पहिलं शिकवायचं असतं ते हेच, की हात बाजूला ठेव.

या पट्ट्यात ही चूक अगदी समजण्यासारखी आहे. भोसरी, चिखली, मोशी, चऱ्होली इथे कारखाने आले, सोसायट्यांचे टॉवर आले, तरी गावठाणातली तालीम आणि कबड्डी काही गेली नाही. वाकडहून मुळा ओलांडली की बालेवाडीचं क्रीडासंकुल लागतं. पुणेरी पलटणचं ते घरचं मैदान. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात, 1 मार्च 2024 रोजी, हैदराबादला हरियाणा स्टीलर्सचा 28-25 असा पराभव करून पलटणनं पहिल्यांदा करंडक उचलला. त्या हंगामात पकडींचे सर्वाधिक गुण मिळवणारा इराणचा मोहम्मदरेझा शादलूही पलटणचाच. बचाव म्हटलं की आमच्या पोरांच्या डोळ्यांपुढे असा शादलू उभा राहतो: चढाईपटूवर झेपावणारा, त्याला मुळापासून उपटणारा. बास्केटबॉलही या भागाला परका नाही. भारताच्या महिला संघाकडून खेळलेली शिरीन लिमये पुण्याचीच. पण गल्लीत आधी रुजतो तो कबड्डीचा बचाव, आणि पोरं तोच घेऊन कोर्टवर येतात.

दोन मैदानांचं गणित

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी खडूनं सिमेंटवर दोन आकृत्या काढून दाखवल्या. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. म्हणजे बचाव करणाऱ्या सात जणांकडे निम्मं, साडेसहा बाय दहा, 65 चौरस मीटर. एकाच्या वाट्याला जेमतेम 9 चौरस मीटर. आता बास्केटबॉल. कोर्ट 28 बाय 15 मीटर. निम्मं 14 बाय 15, म्हणजे 210 चौरस मीटर. राखायला पाच जण. एकाच्या वाट्याला 42 चौरस मीटर, कबड्डीच्या साडेचार पटींहून जास्त.

दुसरा फरक याहून मोठा. कबड्डीत चढाईपटू एकटा येतो, दम घुमवत येतो आणि त्याला परत जायचं असतं. त्याची 30 सेकंदं संपत आली की धोका त्याला. त्याला धरून ठेवला की काम झालं. बास्केटबॉलमध्ये समोरून पाच जण येतात, त्यांना परत जायची काही घाई नसते आणि धरायला कायद्यानं बंदी. मग उरतं काय? उरते ती जागा. त्याला जिथे जायचं आहे तिथे आपण आधी पोचायचं आणि उभं राहायचं. त्या मुलाला मी म्हटलं, "कबड्डीत तू माणूस पकडायचास. इथे जागा पकड. माणूस आपोआप अडतो."

हा काही माझा शोध नव्हे. खेळ जन्मला तोच या अटीवर. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकासमोर अठरा दांडग्या विद्यार्थ्यांचा वर्ग होता. बाहेर कडाक्याची थंडी, आत लाकडी जमिनीची व्यायामशाळा. अमेरिकन फुटबॉलसारखी धसमुसळ तिथे केली असती तर हाडं मोडली असती. नेस्मिथनं विचार केला, माणसं एकमेकांना पाडतात कशासाठी? चेंडू घेऊन पळणाऱ्याला थांबवण्यासाठी. म्हणून त्यानं चेंडू घेऊन पळणंच बंद केलं आणि लक्ष्य जमिनीवरून उचलून दहा फुटांवर टांगलं, पीचच्या टोपल्यांच्या रूपानं. त्याच्या तेरा नियमांतला पाचवा नियम खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालून पाडणं या सगळ्यावर बंदी घालतो. दहा फुटांची ती उंची आजही तशीच आहे, 3.05 मीटर. आणि धरायला बंदी असताना अडवायचं कसं, हा प्रश्नही तेव्हापासून तसाच आहे.

आधी पाय

उत्तराची सुरुवात पायांपासून. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, बसायला खुर्ची नाही पण बसल्यासारखी बैठक, पाठ सरळ, वजन चवड्यांवर. टाचा जमिनीला चिकटल्या की समजा हलायला उशीर होणार. कबड्डीच्या पोराला ही बैठक सांगावी लागत नाही. हे त्याचं भांडवल. शहरी सोसायटीतल्या मुलाला मात्र पहिले पंधरा दिवस मांड्या भरून येतात.

मग अंतर. हात पुढे केला तर त्याच्या कमरेला बोटं जेमतेम लागतील इतकं. का? साधा हिशेब आहे. डोळ्यांनी पाहिलं, मेंदूला कळलं आणि पाय हलला, यात माणसाचा साधारण पाव सेकंद जातो. समोरचा सेकंदाला पाच मीटर वेगानं निघाला तर पाव सेकंदात तो सव्वा मीटर गेलेला असतो. म्हणजे अगदी चिकटून उभं राहिलात तर तुम्हाला कळायच्या आत तो बगलेतून पार. फार लांब उभं राहिलात तर तो निवांत उभ्या उभ्या शॉट मारणार. समोरचा पळणारा असेल तर वीतभर मागे, नेमबाज असेल तर वीतभर पुढे. हे अंतर प्रत्येक खेळाडूगणिक बदलतं, आणि पहिल्या दोन-तीन खेपांत ते ओळखणं हेच डिफेन्स करणाऱ्याचं डोकं.

नजर कुठे? चेंडूवर नको, डोळ्यांवर तर मुळीच नको. चेंडू डावीकडे दाखवून उजवीकडे नेता येतो. मान, खांदा, पापणी सगळ्यांनी फसवता येतं. पण शरीराचा गुरुत्वमध्य असतो बेंबीच्या आसपास, आणि तो हलवल्याशिवाय कुणालाही कुठेही जाता येत नाही. म्हणून बघायचं ते शॉर्टच्या नाडीकडे. आमच्याकडची पोरं यावर हसतात, पण मग विसरत नाहीत.

आता हालचाल. समोरचा उजवीकडे निघाला तर त्या बाजूचा पाय आधी टाकायचा आणि दुसऱ्या पायानं जमीन मागे ढकलायची. पाय एकमेकांवर चढवायचे नाहीत, एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. चिकटले की त्या क्षणी तुम्ही खांब झालात. उड्या मारायच्या नाहीत, जमिनीलगत सरकायचं. यालाच कोर्टवर स्लाइड म्हणतात. ती शिकवायची माझी पद्धत जुनीच आहे: नॅपकिन पाठीमागे दोन्ही हातांत धरायचा आणि समोरच्याला कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त पायांनी सोबत करायची. हात बांधलेले असले की पायांना पर्याय राहत नाही. भोसरीच्या मुलानं पहिल्या दिवशी चार वेळा नॅपकिन टाकला. पाचव्यांदा टाकला नाही, आणि तेव्हा पहिल्यांदा समोरचा पोरगा थबकला.

तरीही कधी ना कधी समोरचा पुढे निघून जातोच. अशा वेळी बाजूनं हात घालून चेंडू टोचायचा मोह होतो आणि नव्वद टक्के फाऊल तिथे होतात, असं म्हणावंसं वाटतं. त्यापेक्षा स्लाइड सोडायची, वळायचं आणि सरळ धावत सुटायचं. त्याच्याकडे नव्हे तर तो आणि रिंग यांच्या मधल्या पुढच्या जागेकडे. तिथे पोचून पुन्हा बैठक घ्यायची. चुकलेली गाडी पुढच्या स्टॉपवर गाठतात तसं.

दार कुठलं उघडं ठेवायचं

चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी सहा वाजता उभं राहून बघा. नाशिक रस्त्याची वाहतूक, एमआयडीसीतून सुटलेल्या बस, चाळीस फुटी ट्रेलर, मधूनच दुचाक्या. तिथला हवालदार ट्रेलरला मिठी मारून थांबवत नाही. तो बॅरिकेड थोडं तिरकं करतो, एका लेनचं तोंड अरुंद करतो आणि गाडी आपसूक दुसरीकडे वळते. ड्रायव्हरला वाटतं, आपणच वळलो.

डिफेन्स हा बॅरिकेडचा कोन आहे. समोरच्याच्या अगदी नाकासमोर उभं राहिलात तर त्याला दोन्ही बाजू सारख्याच मोकळ्या. एक पाय थोडा पुढे टाकून तिरके उभे राहिलात तर एक दार बंद होतं आणि दुसरं उघडं राहतं. मग प्रश्न उरतो, उघडं कुठलं ठेवायचं? सर्वसाधारण उत्तरं दोन. एक म्हणजे साइडलाइनकडचं. कोर्टच्या मधोमध असलेल्या खेळाडूला दोन्ही अंगांना पास देता येतो. कडेला गेलेल्याचं अर्धं जग रेषेनं कापलेलं असतं. ती रेषा थकत नाही, फाऊल करत नाही, फसतही नाही. संघातली ती सहावी खेळाडूच म्हणा. दुसरं, त्याच्या कमजोर हाताकडचं. बहुतेक पोरं उजवी. डाव्या हातानं टप्पे मारायला लावलं की चेंडूकडे बघायला लागतात, आणि चेंडूकडे बघणाऱ्याला रिकामा उभा असलेला साथीदार दिसत नाही.

इथे माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातली एक गंमत आठवते. कारखान्यात पोका-योके नावाची जपानी शिस्त आहे. टोयोटाबरोबर काम केलेल्या शिगेओ शिंगो यांनी ती रुजवली. पार्ट उलटा बसूच नये म्हणून फिक्स्चरला एक पिन लावायची, म्हणजे कामगाराला चूक करताच येऊ नये. दिवसभर मी चूक होणार नाही अशी व्यवस्था लावतो आणि संध्याकाळी मुलांना शिकवतो ते समोरच्याची चूक होईल अशी व्यवस्था कशी लावायची. तत्त्व एकच: माणसाशी झगडायचं नाही, त्याच्यापुढचे पर्याय कमी करायचे.

मग हात

पाय जमले की हात सोडायचे. पण समोरच्याच्या हातात चेंडू कुठल्या अवस्थेत आहे त्यावर हातांचं काम ठरतं.

त्यानं अजून टप्पा मारलेला नसेल तर तो सगळ्यात धोकादायक. शॉट, पास, धाव, तिन्ही वाटा त्याला खुल्या. इथे झेप घेणं म्हणजे आपल्या हातानं दार उघडणं. टप्पे मारत असेल तर एक हात खाली, तळवा वर, चेंडूच्या उंचीला. दुसरा हात पासच्या वाटेत. चेंडू मारायचाच झाला तर खालून वर. वरून खाली मारलेला हात मनगटावर बसतो आणि पंचांना नेमका तोच दिसतो.

आणि त्यानं टप्पे थांबवून चेंडू दोन्ही हातांत धरला, की बाजी पालटते. नियमाप्रमाणे त्याला पुन्हा टप्पा मारता येत नाही. आता तो एका पायाला खिळलेला आहे, दुसरा पाय फक्त गोल फिरवू शकतो. हा चिकटायचा क्षण. एक मीटरच्या आत जायचं, हात वर करून चेंडूच्या आरशासारखे फिरवायचे. एवढ्या जवळून राखलेल्या खेळाडूला पाच सेकंदांत चेंडू सोडावाच लागतो, नाहीतर चेंडू आपला. त्याच वेळी आपल्या बाकी चौघांनी "डेड! डेड!" असं ओरडून आपापल्या माणसाला घट्ट झाकायचं. कबड्डीतली पकड बास्केटबॉलमध्ये कुठे असेल तर ती इथे: न शिवता केलेली.

शॉटच्या वेळी नवख्याचं सगळं लक्ष चेंडू थोपटून परतवण्याकडे असतं. टाळ्या त्यालाच पडतात ना! पण उडीला भुलणाऱ्याला समोरचा खोटा शॉट दाखवतो. हा हवेत, तो खालून पसार. म्हणून नियम असा, की त्याचे पाय जमिनीवरून सुटल्यावर आपले सुटायचे. आणि हात चेंडूवर मारायचा नाही, सरळ उभा वर ठेवायचा. एनबीएमधल्या शेन बॅटिएर या खेळाडूवर मायकेल लुईस यांनी 2009 मध्ये एक लांबलचक लेख लिहिला आणि तो खूप गाजला. बॅटिएरचे स्वतःचे आकडे साधेच असायचे. पण तो कोर्टवर असला की त्याचा संघ वरचढ ठरायचा. कोबी ब्रायंटसारख्या खेळाडूसमोर तो चेंडू अडवायच्या भानगडीत पडत नसे. आधी त्याला गैरसोयीच्या जागी ढकलायचं, मग तिथून तो शॉट मारताना हात थेट त्याच्या डोळ्यांपुढे धरायचा. शॉट जायचा तर जाईल. पण तो कठीण शॉट असेल. डिफेन्सचं यश इतकंच असतं: सोपं काम अवघड करणं. त्याची नोंद स्कोअरशीटवर कुठेच होत नाही.

बॉस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल याच्याही पुढे गेला. 1957 ते 1969 या काळात त्याच्या संघानं अकरा विजेतेपदं मिळवली. तो शॉट अडवायचा, पण चेंडू प्रेक्षकांत भिरकावून द्यायचा नाही; हलकेच टिचकी मारून साथीदाराकडे वळवायचा. चेंडू बाहेर गेला तर तो पुन्हा समोरच्यांचाच, हे त्याला कळत होतं.

साखळी आवाजाची

आतापर्यंत बोललो ते चेंडूवाल्याला राखण्याबद्दल. पण पाच जणांपैकी चौघांसमोर चेंडू नसतो, आणि सामने बहुधा याच चौघांच्या गाफीलपणामुळे हरले जातात. आपल्या माणसाकडे चेंडू नाही म्हणून कमरेवर हात ठेवून उभा असलेला मुलगा दिसला, की मी खेळ तिथल्या तिथे थांबवतो.

चेंडू नसलेल्या माणसाला राखताना एक चपटा त्रिकोण मनात आखायचा: एका टोकाला चेंडू, दुसऱ्या टोकाला आपला माणूस, आणि दोघांच्या मधल्या रेषेपासून पाऊलभर रिंगकडे आपण. एक हात चेंडूकडे रोखलेला, दुसरा माणसाकडे, जणू दोन पिस्तुलं. मान न फिरवता दोन्ही दिसले पाहिजेत. आपला माणूस चेंडूपासून एका पासच्या अंतरावर असेल तर जवळ राहायचं, हात पासच्या वाटेत. कोर्टच्या पलीकडच्या अंगाला असेल तर त्याला बरंच सोडून रिंगच्या दिशेनं आत यायचं, कारण पुढच्या साथीदाराला चकवून कुणी आत घुसला तर त्याला अडवायला आपणच. पोरं विचारतात, "सर, मग माझा माणूस मोकळा नाही का राहत?" राहतो. पण त्याच्यापर्यंतचा लांब पास हवेत सेकंदभर तरी असतो, आणि तेवढ्यात परतता येतं. रिंगखाली घुसलेल्याला मात्र सेकंदही पुरतो.

कबड्डीत दोन बचावपटू हाताला हात धरून साखळी करतात. बास्केटबॉलमध्ये हात मोकळे हवेत, म्हणून साखळी करायची ती आवाजाची. "बॉल माझा!" "डावीकडे हेल्प आहे!" "स्क्रीन, उजवीकडून!" स्क्रीन म्हणजे समोरच्या संघातला एक जण आपल्या वाटेत खांबासारखा येऊन उभा राहतो आणि त्याच्या आडून चेंडूवाला निसटतो. पाठ त्या दिशेला असणाऱ्याला तो दिसणं शक्यच नसतं. मागच्यानं ओरडून सांगितलं तरच कळतं. कळलं की तीन वाटा असतात: खांबाच्या पुढून घासून निघायचं, त्याच्या मागून वळसा घ्यायचा, किंवा "स्विच!" म्हणून माणसांची अदलाबदल करायची. तिन्ही चालतात. न चालणारी गोष्ट एकच, गप्प राहणं. प्रेस शॉपच्या घणघणाटात काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. क्रेन डोक्यावरून जाताना हाक मारायची ती शिष्टाचार म्हणून नव्हे.

धक्का कोणाचा?

प्रेक्षकांचा सगळ्यात मोठा वाद इथे होतो. दोघं आदळले, फाऊल कोणाचा? नियमाची कल्पना फार देखणी आहे. कोर्टवरच्या प्रत्येकाभोवती एक अदृश्य नळकांडं आहे असं समजायचं. पुढे हातांच्या तळव्यांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत, बाजूंना हात-पायांपर्यंत, आणि वर थेट छतापर्यंत. त्या नळकांड्यात तुम्ही हात सरळ वर करून उडी मारलीत तर ती जागा तुमची. समोरचा येऊन आदळला तर दोष त्याचा. हात पुढे झुकला, तिरका झाला, की नळकांड्याबाहेर आला. मग दोष तुमचा.

राखणाऱ्यानं दोन्ही पाय जमिनीवर टेकून, समोरच्याकडे तोंड करून जागा घेतली की ती वैध. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला तर वेळ आणि अंतराची सवलतही मिळत नाही: कुणी कधीही वाटेत उभं राहील हे त्यानं धरूनच चालायचं. अशी जागा घेतलेल्याच्या छातीवर तो आदळला तर चार्ज, म्हणजे हल्ला करणाऱ्याचा फाऊल. हवेत असलेल्याच्या बाबतीत मात्र उलट. तो उडाला, त्यानंतर तुम्ही त्याच्या उतरायच्या जागी सरकलात तर चूक तुमची, आणि घोटा त्याचा मुरगळतो. म्हणून ही चूक मी मुलांना कधीच माफ करत नाही. रिंगखाली सव्वा मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आखलेलं असतं. त्याच्या आत उभं राहून चार्जची दाद मागता येत नाही.

फाऊल महाग का, तेही हिशेबानं बघू. तीनदा मारून एकदा जाणारा तीन गुणांचा शॉट सरासरी एक गुण देतो. दोनदा मारून एकदा जाणारा दोन गुणांचा शॉटही एकच. पण शॉट मारताना फाऊल केलात आणि समोरच्याच्या फ्री थ्रो दहातल्या सात जात असतील, तर दोन फ्री थ्रोंचे सरासरी 1.4 गुण होतात. म्हणजे धसमुसळेपणानं तुम्ही त्याला कोर्टवरचा सगळ्यात चांगला शॉट भेट दिलात. शिवाय पाच फाऊल झाले की तुम्ही बाहेर, आणि एका क्वार्टरमध्ये संघाचे चार झाले की पाचव्यापासून साध्या फाऊललाही दोन फ्री थ्रो.

या सगळ्यात घड्याळ डिफेन्सच्या बाजूचं असतं. पूर्वी तसं नव्हतं. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेनच्या संघानं चेंडू नुसता हातात धरून ठेवत एनबीएचा सामना 19-18 असा जिंकला, प्रेक्षक कंटाळले. 1954 मध्ये सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला: एनबीए सामन्याची 48 मिनिटं म्हणजे 2880 सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून शॉट मारतात साधारण 120, भागाकार 24. आज जगभर हल्ला करणाऱ्याला शॉटसाठी तेवढीच सेकंदं मिळतात. म्हणजे राखणाऱ्याला कायमचं अडवायचंच नसतं. चोवीस सेकंदांच्या आत घाईत, तिरप्या कोनातून, हाताच्या सावलीत शॉट घ्यायला लावला की पुरे.

आणि शॉट हुकला तरी काम संपत नाही. चेंडू हवेत असताना त्याच्याकडे बघत राहायचं नाही. आधी आपला माणूस शोधायचा, त्याला पाठीवर घ्यायचं, बैठक रुंद करायची आणि मग उडायचं. याला बॉक्स आऊट म्हणतात. तेवीस सेकंदांचा सुरेख डिफेन्स एका विसरलेल्या बॉक्स आऊटनं मातीमोल होतो.

जुलै 2014 मध्ये चीनच्या वुहान शहरात आशिया चषकाच्या स्पर्धेत भारताच्या पुरुष संघानं यजमान चीनला पहिल्यांदाच हरवलं. निकाल 65-58. आपले 65 हा काही डोळे दिपवणारा आकडा नव्हे. सामना जिंकला तो समोरच्या 58 नं: चीनला चीनमध्येच, चाळीस मिनिटांत साठीसुद्धा गाठू दिली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पोरांचा शेजारच्या सेक्टरशी सामना ठेवला होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये भोसरीचा मुलगा त्यांच्या सगळ्यात चपळ खेळाडूसमोर उभा होता. चपळ पोरगा मधून निघाला, यानं कोन बदलला. तो साइडलाइनकडे वळला, हा सोबत सरकत गेला. पाय रुंद, पाठ सरळ, हात उघडे. रेषेपाशी त्या पोरानं टप्पा थांबवून चेंडू छातीशी धरला. आमच्या चौघांनी एकदम आरोळी ठोकली. हा एका पावलात चिकटला, हात वर. पास दिसेना, वळायला जागा नाही. शिट्टी वाजली.

याचा चेहरा उतरला. दोन्ही हात वर केलेले तसेच ठेवून तो माझ्याकडे वळला, "सर, शपथ, मी हात लावला नाही!"

पंचांनी पाच बोटं दाखवली होती. मे महिन्यातही त्याला पाच बोटंच दाखवली गेली होती, पण तेव्हा ते पाच फाऊल होते. या वेळी ती पाच सेकंदं होती, समोरच्याची. चेंडू आमचा झाला होता आणि त्याला अजून पत्ता नव्हता.